पाणी वाचवणारा कमोड आणि माझे ५४,६८० रुपये

"अहो, एवढ्या शिकलेल्या असून कशा फसलात?" असं ज्यांना विचारायचंय त्यांनी पुढे वाचू नये. माझ्या सख्ख्या दिरांनी ते विचारून झालंय. शिकलेलेच फसतात, कारण समोरचा आकडे सांगतो आणि आपण ते पडताळून बघतो. मीही बघितले. बरोबर निघाले.

आमची सोसायटी पुण्याच्या कडेला, टँकरवर जगणारी. मेंटेनन्सच्या वर टँकरचे महिन्याला १,४५० रुपये वेगळे. अशा ठिकाणी 'जलबचत सर्वेक्षण' छापलेले टी-शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्रं अडकवून दोन पोरं आली तर दार कोण लावून घेईल? सेक्रेटरींची परवानगी आहे म्हणाले. (सेक्रेटरी आता म्हणतात, मी फक्त 'बघू' म्हणालो होतो. धन्य.)

त्यांचं गणित असं. जुनी टाकी १० लिटरची. घरात चौघं, माणशी दिवसाला पाचदा फ्लश, म्हणजे २०० लिटर. नव्या दोन बटणांच्या टाकीत लहान बटणाला ३ लिटर, मोठ्याला ६. चारदा लहान, एकदा मोठं, माणशी १८ लिटर, चौघांचे ७२. रोज १२८ लिटर वाचले. यात खोटं काहीच नाही! चांगली ३/६ची टाकी खरंच एवढ्यावर भागवते. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, आणि तिथेच पोरगा हसला. आता कळतंय का हसला ते.

मग त्यांनी जुन्या टाकीची 'गळती' दाखवली. टाकीत रंग टाकायचा आणि थोड्या वेळाने कमोडमध्ये रंग उतरतो का बघायचं. चाचणी खरी आहे, चांगले प्लंबरही करतात. पण मला "काकू, जरा पाणी मिळेल का प्यायला" म्हणून आत पाठवलं, आणि परत येते तर कमोडमध्ये लालभडक पाणी. करायचीच असेल तर रंग स्वतःच्या हाताने टाका, टाकीतच, आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश न करता तिथून हलू नका. गळती निघालीच तरी बहुतेक वेळा आतला वॉशर किंवा व्हॉल्व्ह बदलून काम होतं. अख्खा कमोड उपटावा लागत नाही.

दोन संडासांचे ३४,८०० रुपये. त्यातले १४,००० 'अनुदान' म्हणून खात्यात परत येणार, वर घरपट्टीत पाच टक्के सूट. आता पुण्यात सोलर, पर्जन्यजल संचय आणि गांडूळखतासाठी घरपट्टीत सूट आहेच, माझ्या भावाला सोलरची मिळते. मग पाणी वाचवणाऱ्या कमोडला का नसेल, असं कुणालाही वाटेल. तर नाही. घरपट्टीची सूट कुणी तोंडी सांगितली की त्याला आदेशाची प्रत मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको.

आणि मग तो क्यूआर कोड. नोंदणीचे दोन संडासांचे मिळून जीएसटीसह १,१८० आणि अ‍ॅडव्हान्स २०,०००. मी स्कॅन केला. पावतीवर कंपनीचं भलंमोठं नाव, आणि मोबाइलच्या पडद्यावर एका बाईचं नाव, नुसतं नाव-आडनाव. मी थांबले होते. विचारलंसुद्धा, "हे कोणाचं खातं?" तो म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडमचं, कंपनीच्या खात्याचं आजचं लिमिट संपलंय." आणि मी पिन टाकला. रात्री झोप लागत नाही ती या चार सेकंदांनी. पण मला सांगा, आपला भाजीवाला बायकोच्या खात्यावर पैसे घेतो, रिक्षावाला मेहुण्याच्या, दूधवाला पोराच्या. रोज आपण वेगळंच नाव बघून पिन टाकतोच ना? सवय लावली आहे आपल्याला सगळ्यांनी मिळून. कंपनी असेल तर कंपनीच्याच नावावर पैसे, नाहीतर दार दाखवा.

पावती घरी नीट वाचली असती तर, असं नवरा म्हणतो. (तो त्या दिवशी घरातच होता, मॅच बघत.) जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. आमच्या पावतीवरचा २४ने सुरू होता, म्हणजे गुजरातचा, आणि अक्षरं चौदाच. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. पैसे द्यायच्या आधी बघा.

माल आला, बसवला, उरलेले १४,८०० घेतले, जुने दोन्ही कमोड "एक्स्चेंज"मध्ये उचलून नेले. प्रत्येकी ८०० वळते करणार होते, तेही गेलेच. जुनी वस्तू हातची सोडू नका, आमची भांडी भारी होती.

आठवड्याभरात खालच्या फ्लॅटच्या छताला ओल. आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. जमिनीतला पाइप भिंतीपासून चार इंचांवर, आणि यांनी आणलेला कमोड नऊ इंचांवाला. मधलं अंतर रबरी बेंड आणि पांढऱ्या सिमेंटने लिंपून टाकलेलं. कमोड घेताना भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत टेप लावून माप घ्या, दुकानदार विचारत नसेल तर दुकान बदला. मग प्लंबरने अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा नळ) बंद केला, फ्लश केला, आणि लिटरच्या मापाने टाकी खुणेपर्यंत भरली. नऊ लिटर! बटणं दोन, पण लहान दाबा नाहीतर मोठं, टाकी तळापर्यंत रिकामी. भांड्याचा उतार असा की एका फ्लशमध्ये साफही होत नाही. म्हणजे एका वेळेला अठरा लिटर. टाकीवर 'आयएसआय' छापलेलं, खाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर, मात्र नाही. तो असायलाच हवा, आणि बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं.

प्लंबर आणि पुन्हा बसवणं ६,२००, फरशी आणि वॉटरप्रूफिंग ८,५००, खालच्यांच्या छताचा रंग ४,०००. वर तो प्लंबर म्हणतो, "ताई, जुन्या टाकीत नुसतं दोन बटणांचं आतलं फिटिंग टाकून दिलं असतं, ९५० रुपयांत." तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

चौकीत गेले. "वस्तू मिळाली ना? मग हे सिव्हिल मॅटर." पूर्वी ज्याला ४२० म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, एवढं वाचून गेले होते. साहेब म्हणाले, "मॅडम, वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, खातेदाराची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. चौकीत म्हणाले, बँकेचं पत्र आणा. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तर कमाल: "आमची अशी योजनाच नाही, मग तक्रार कसली घ्यायची?" अहो, योजना नाही हीच तर तक्रार आहे! तुमच्या नावाने कुणीतरी गावभर फिरतंय, त्याची निदान गेटवर नोटीस लावा. तर म्हणे वरून आदेश लागतो.

पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्या पावतीवरच्या पत्त्यावर चपलांचं दुकान आहे. म्हणून म्हणते, सही करायच्या आधी पत्त्यावर कुणाला तरी धाडा.

पावतीवरचा फोन नंबर अजून चालू आहे. परवा भाचीने लावला तर पलीकडून विचारलं, "कोणती सोसायटी? टीम कधी पाठवू?" हे चौकीत जाऊन सांगितलं. म्हणाले, "मग बोलावून घ्या आणि आले की आम्हाला फोन करा." फोन कुठल्या नंबरवर करायचा विचारलं, तर चौकीचा लँडलाइन बंद आहे.