नायट्रेट पट्ट्या: केळीच्या काळ्या रानात कितपत कामाच्या?

युरिया सोडला, वर आठवडाभर झड लागली आणि केळीची पानं पिवळी पडली, की रावेर-यावलकडे पहिला उपाय म्हणजे आणखी युरिया. तो सोडण्याआधी रानात नायट्रेट, म्हणजे युरियातल्या नत्राचं (नायट्रोजनचं) पिकाला घेता येणारं रूप, उरलंय का, ते या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटांत सांगतात. टोकाला दोन चौकोन: नायट्रेटचा आणि नायट्राइटचा.

पट्टी पाण्यासाठीची, त्यामुळे मातीचा अर्क काढावा लागतो. ५० ग्रॅम माती, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, पाच मिनिटं हलवायचं. आपली काळी माती नुसत्या पाण्यात खाली बसत नाही, गाळणकागद चोंदतो. पाण्यात लिटरमागे दीड ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड टाकलं की गढूळपणा तळाला जातो. पट्टी सेकंदभर बुडवा, झटका, मिनिटभराने रंग जुळवा; उशीर केला तर रंग गडद होऊन आकडा फुगतो. पट्टीवरचा नायट्रेटचा आकडा (लिटरमागे मिलिग्रॅम) दुप्पट करून ४.४३ने भागला की किलोमागे नायट्रेट-नत्र, मिलिग्रॅममध्ये. ओल्या मातीत हा हिशोब कमी निघतो: कोरड्या वजनावर २५ टक्के ओल असेल, तर ५० ग्रॅममध्ये माती ४०च ग्रॅम.

पैसे वसूल होतात ते दुसऱ्या चौकोनावर. वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) गेला की मातीतला ऑक्सिजन संपतो. मग स्युडोमोनाससारखे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात: त्याचं नायट्राइट, पुढे नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड, शेवटी नायट्रोजन वायू. पैसे देऊन आणलेलं नत्र हवेत! ताजं शेणखत आणि उबदार माती असेल तर हे आणखी झपाट्याने होतं. नायट्राइटचा चौकोन गुलाबी दिसला तर ही साखळी मध्यावर सापडली असं समजा. पण युरिया नुकताच दिला असेल तर घाई नको. आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत अमोनिया साचून नायट्राइट खाणारे जिवाणू मंदावतात, तेव्हाही तो गुलाबी होतो. शिवाय नायट्राइट असताना नायट्रेटचा आकडा जास्त दिसतो.

दोन्ही चौकोन पांढरे राहिले तरी नत्र उडालं की झिरपलं, हे पट्टी सांगत नाही. १५ आणि ४५ सेंटिमीटरची माती वेगळी तपासा. खाली नायट्रेट वाढलेलं असेल तर झिरपलं. दोन्हीकडे नसेल तर उडाल्याचा संशय धरा आणि युरियाआधी चर काढा. अमोनियमच्या रूपातलं नत्र पट्टीला दिसतच नाही.

रंगपट्टी ढोबळ आहे, २५ नंतर थेट ५०. डोस ठरवायला प्रयोगशाळाच हवी. उन्हाळ्यात डबी फ्रिजमध्ये ठेवा, पण थंड असताना उघडू नका. आत दव धरतं आणि पट्ट्या वाया जातात.