ग्वेन जॉन पाहायची, तर कार्डिफ की टेन्बी?

लंडनला लेकीकडे गेलात आणि वेल्ससाठी एकच दिवस हाताशी आहे. वेल्श चित्रकर्त्री पाहायच्या असतील तर मी दोनच ठिकाणं सुचवीन: नॅशनल म्युझियम कार्डिफ आणि समुद्रकाठच्या टेन्बीचं छोटं संग्रहालय. एकच निवडायचं, तर कार्डिफ. पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण दोन तास, संग्रहालयाला प्रवेश मोफत, सोमवारी बंद.

मात्र मुहूर्त पाहून जा. वेल्श चित्रकर्त्री ग्वेन जॉनची (१८७६–१९३९) शेकडो रेखाटनं कार्डिफने १९७६ मध्ये घेतली, पण कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून ती एरवी पेटीबंदच असतात. प्रदर्शन भरलं की बाहेर येतात. तिच्या जन्माच्या १५०व्या वर्षी, २०२६ मध्ये भरवलेलं तसंच. २००४ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटनने तिला चित्रकार भाऊ ऑगस्टससोबत मांडलं होतं. मला ती एकटीच बरी वाटते. भावाच्या रंगांचा दणदणाट शेजारी असला की तिच्या दबक्या करड्या-तपकिरी छटा ऐकूच येत नाहीत.

मेर पूसपँचं चित्र घ्या. पॅरिसजवळच्या म्यूदाँमधल्या नन्सनी आपल्या संस्थापिकेचं चित्र ग्वेनकडे मागितलं. पूसपँ १७४४ मध्येच वारलेल्या. हाताशी काय, तर प्रार्थनेच्या कार्डावरची छापील तसबीर. तेवढ्यावरून ग्वेनने वर्षानुवर्षं तेच चित्र पुनःपुन्हा रंगवलं. त्यातलं एक कार्डिफकडे आहे. त्याच्यासमोर दहा मिनिटं तरी थांबा. वेल्समधल्याच आजच्या चित्रकर्त्री शानी रीस जेम्सचं काही लावलेलं असेल, तर लगेच तिकडे वळा: जाड रंगाचे थर, मोठे कॅनव्हास, रोखून पाहणारे चेहरे. सगळंच उलट.

टेन्बी कार्डिफपासून आणखी अडीच-तीन तास, म्हणजे मुक्काम आलाच. १८७८ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या संग्रहालयात तिकीट आहे, चित्रं मोजकी. पण ग्वेनचं लहानपण याच गावात गेलं, आणि तिने ऐन विशीत रंगवलेलं टेन्बीचं निसर्गचित्र या संग्रहालयाच्या मालकीचं आहे. गावातच १८९०ला जन्मलेली चित्रकर्त्री नीना हॅम्नेटही इथे भेटते. तिच्या मद्यपानाच्या गोष्टी चित्रांपेक्षा जास्त चघळल्या गेल्या, हा अन्यायच.

ग्वेन आधीपासून आवडत असेल, तर टेन्बीचा फेरा वाया जाणार नाही. पहिलीच भेट असेल, तर नको. कुठेही जा, रेल्वेचं तिकीट काढण्याआधी संग्रहालयाला ईमेल करून हवं ते चित्र भिंतीवर आहे का, हे विचारून घ्या.