संक्रांतीच्या वाणात दिलेलं तेल

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या ४० बायकांना मी वाण म्हणून संत्र्याच्या तेलाची एकेक बाटली दिली. त्या बाटल्यांत संत्र्याचं तेल जवळजवळ नव्हतंच. माझे पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्यावर विश्वास ठेवून ज्या बायकांनी ते तेल घरी नेलं, अंगाला लावलं, त्यांचं वाईट जास्त वाटतं. म्हणून जे जसं झालं तसं सगळं लिहिते आहे.

माझं माहेर विदर्भातल्या वरूड तालुक्यातलं. घरची संत्र्याची बाग होती. थंडीत शेकोटीभोवती बसून आम्ही भावंडं संत्री खायचो आणि साल मधोमध वाकवून जाळावर पिळायचो. सालीतून बारीक चिळकांडी उडायची, जाळात जाऊन तडतडायची, क्षणभर निळसर-पिवळी ठिणगी दिसायची आणि मग तो वास यायचा. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात ना, त्यांतच ते तेल असतं. तोडणीच्या दिवसांत बाबांच्या हातांना, शर्टाच्या बाह्यांना, अगदी पैसे ठेवायच्या पिशवीलाही तोच वास असायचा. बाबा गेले, पाठोपाठ डिंक्या रोगाने झाडं गेली आणि भावाने बाग विकली. मी पुण्यात होते. वरूडचं म्हणावं असं काही माझ्या हाताशी उरलं नव्हतं.

मग एका ओळखीच्या दुकानात संत्र्याच्या तेलाची १५ मिलीची बाटली मिळाली. झाकण उघडलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हापासून ते तेल माझ्या घरात रोज असतं. संध्याकाळी दिवा लावला की गरम पाण्याच्या वाटीत दोन-तीन थेंब टाकते. कपाटात कापसाचा बोळा ठेवते. लोणच्याच्या रिकाम्या बरणीवरच्या लेबलाचा चिकटा कशानेही निघत नसला तरी या तेलाच्या एका थेंबाने फडक्याला लागून येतो. पाऊस लागून राहिला आणि घर कोंदट झालं की फरशी पुसायच्या पाण्यातही थोडं घालते. वास तास-दीड तास टिकतो आणि निघून जातो. लिंबूवर्गीय तेलं उडून जाणारीच असतात. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

त्या दुकानदारांनीच मला एकदा सांगितलं होतं की बाजारात संत्र्याचं म्हणून मिळणारं बहुतेक तेल गोड संत्र्याचं, म्हणजे सिट्रस सायनेन्सिसचं असतं. आपली मोसंबी याच जातकुळीतली. ब्राझीलमध्ये रसाचे प्रचंड कारखाने आहेत, तिथे उरलेल्या सालींतून ते दाबून काढतात, म्हणून ते स्वस्तही असतं. आपलं नागपुरी संत्रं वेगळं, सिट्रस रेटिक्युलाटा, सैल सालीचं. ते मुख्यतः खायलाच विकलं जातं. हे ऐकल्यापासून मनात एक इच्छा घर करून बसली होती की कधीतरी आपल्या संत्र्याचं, आपल्या बागांतलं तेल मिळावं. ज्याने मला फसवलं, त्या माणसाने माझी हीच इच्छा ओळखली.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, एका कार्यालयात महिलांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. एका टेबलावर संत्री मांडलेली, मागे बागेचा मोठा फोटो आणि ‘जीआय मानांकित नागपुरी संत्रा’ अशी पाटी. जीआय म्हणजे एखादा माल ठरावीक भागातलाच असल्याचं भौगोलिक मानांकन. पंचविशीतला मुलगा उभा होता. मी वास घेत दोन शब्द बोलले असेन, त्याने माझी बोली बरोबर पकडली. ‘तुमी वरूडकडच्या काय जी? मंग त आपल्याच निंघाल्या! आमचा बगीचा मोर्शीकडे हाये.’ पुण्यात इतक्या वर्षांनी कोणी असं बोलल्यावर माझं काय झालं असेल, ते परमुलखात राहणाऱ्यांना सांगायला नको.

त्याने थर्माकोलचा तुकडा काढला आणि त्यावर एक थेंब सोडला. बघता बघता थर्माकोल विरघळून आरपार भोक पडलं. ‘भेसळीच्या तेलानं हे होत नाई, काकू.’ मग कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून माझ्या हातात दिली. वास खरा होता. आजही सांगते, त्या टेबलावरच्या बाटलीतलं तेल खरं होतं, म्हणूनच मी फसले. संत्र्याच्या तेलात लिमोनिन नावाचा घटक ९० टक्क्यांहून जास्त असतो, तो थर्माकोल खातो. त्याने दाखवलेल्या प्रयोगात हातचलाखी नव्हती, फक्त ती बाटली मला मिळणार नव्हती.

त्याच्याकडे संत्र्याच्या फुलांचं तेलही होतं, १० मिली ९०० रुपयांना. ‘आत्ताच्या ताज्या फुलांचं, या आठवड्यात काढलं.’ इथे मी थांबायला हवं होतं. आमच्याकडे आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैत. नोव्हेंबरात आंबियाची तोडणी चालू असते. बाबा डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचे, त्यानंतर कुठे फूल दिसायचं. नोव्हेंबरात ताजी फुलं आणायची कुठून? शिवाय फुलांचं तेल, ज्याला नेरोली म्हणतात, ते कडू संत्र्याच्या फुलांपासून काढतात आणि १ किलो तेलाला साधारण १ टन फुलं लागतात. खरं नेरोली ९०० रुपयांत १० मिली मिळणं शक्यच नाही. दुसरी गोष्ट मला नंतर कळली, पण पहिली तर मला लहानपणापासून माहीत होती. बागाईतदाराची मुलगी मी. तरी त्या बोलीपुढे माझं ज्ञान गप्प बसलं.

मी फुलांच्या तेलाची एक बाटली घेतली आणि संक्रांतीच्या वाणासाठी संत्र्याच्या तेलाच्या १० मिलीच्या ४० बाटल्या सांगितल्या. दर १५० रुपये, म्हणजे ६,००० आणि वरचे ९००. ३,००० आगाऊ मोबाइलवरून दिले. पावती मागितली तर म्हणाला, ‘घरगुती धंदा हाये काकू, बिल कायचं?’ बाबा व्यापाऱ्याला बाग द्यायचे तेव्हा इसारपावती हातात पडल्याशिवाय एक फळ तोडू द्यायचे नाहीत, मग व्यापारी कितीही जुना असो. मी मात्र नुसतं बरं म्हटलं.

खोकं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं, उरलेले ३,९०० त्याच दिवशी पाठवले. तपकिरी काचेच्या बाटल्या, काळ्या रबरी फुग्याचा ड्रॉपर, लेबलवर हिरवं पान आणि अर्धं कापलेलं संत्रं. ‘१०० टक्के शुद्ध, थेरप्युटिक ग्रेड’ असं छापलेलं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, महिना-वर्ष, किंमत, तक्रारीसाठी फोन, यातलं काहीच नाही. पाकीटबंद मालावर साधारणपणे यातलं बहुतेक छापणं कायद्याने बंधनकारक असतं. आणि थेरप्युटिक ग्रेड, म्हणजे औषधी दर्जा, अशी कुठलीही अधिकृत प्रत अस्तित्वात नाही, हे विकणाऱ्यांनी काढलेले शब्द आहेत. जीआयचंही तसंच. नागपुरी संत्र्याला ते मानांकन २०१४ साली मिळालं हे खरं, पण ते फळाचं आहे, कोणाच्याही टेबलावरच्या बाटलीचं नाही.

मी एक बाटली उघडली. वास गोड होता, लहानपणीच्या संत्र्याच्या गोळीसारखा. सालीचा तो किंचित कडवट, नाकात झोंबणारा भाग त्यात नव्हता. मनात आलं, हे काहीतरी वेगळं आहे. लगेच दुसरं मन म्हणालं, नागपुरी संत्रं आहे, वेगळं असणारच. हळदीकुंकू तीन दिवसांवर आलं होतं. प्रत्येक बाटलीसोबत त्याने एक कार्ड दिलं होतं: उशीवर शिंपडा, मनगटाला आणि मानेला लावा. मी ती कार्डंही तशीच वाटली.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. मानेवर लाल चट्टा, खाज सुटलेली. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सुगंधी रसायनाची ॲलर्जी असावी असं सांगितलं आणि मलम दिलं. बरं व्हायला दोन आठवडे लागले. आणखी एक ताई म्हणाल्या, ‘छान आहे हो तुमचं तेल, पडद्याला वास चार दिवस तसाच आहे.’ चार दिवस! त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. खरं संत्र्याचं तेल पडद्यावर चार दिवस राहतच नाही.

त्या रात्री मी कोरा कागद घेतला. एका कोपऱ्यात माझ्या जुन्या दुकानातल्या तेलाचा थेंब, दुसऱ्या कोपऱ्यात वाणातल्या तेलाचा. सकाळी जुन्या तेलाच्या जागी जेमतेम फिकट पिवळी कडा होती, बोट लावलं तर कोरडी. दुसऱ्या कोपऱ्यात वड्याच्या कागदासारखा पारदर्शक, तेलकट डाग. कागद उजेडात धरला तर त्यातून खिडकीचे गज दिसत होते. मग थर्माकोलच्या तुकड्यावर थेंब टाकला. अर्ध्या तासानेही भोक पडलं नाही, थेंब नुसता बसून राहिला. लोणच्याच्या बरणीचा चिकटाही निघेना. दुकानदारांना बाटली दाखवली तर त्यांनी आधी ड्रॉपर पाहिला. म्हणाले, खऱ्या लिंबूवर्गीय तेलावर रबर टिकत नाही, फुगतं, चिकट होतं, म्हणून चांगले लोक थेंब पडेल अशी प्लास्टिकची बारीक तोटी बसवतात. माझ्या बाटलीचं रबर इतके दिवस तेलाच्या वाफेत राहून नव्यासारखं होतं.

त्यांच्याच ओळखीने एका प्रयोगशाळेत नमुना दिला. तपासणीचा खर्च ४० बाटल्यांच्या मानाने बराच होता, पण मला ठाम काहीतरी हवं होतं. अहवालात मुख्य भाग लिक्विड पॅराफिनचा, म्हणजे खनिज तेलाचा निघाला, सोबत कृत्रिम सुगंध, आणि लिमोनिन नावापुरतं. फुलांच्या तेलाच्या बाटलीची तपासणी केलीच नाही, तिच्यात काय असेल ते कळून चुकलं होतं.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘शुद्ध तेल हाये म्हणून अंगावर उठते काकू, शरीरातली घाण बाहेर निंघते.’ हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवलं तर तिथेच थांबा. पुरळ म्हणजे शरीर साफ होणं नव्हे, पुरळ म्हणजे पुरळ. अहवालाचं नाव काढल्यावर त्याने फोन ठेवला आणि नंतर माझा नंबरच ब्लॉक करून टाकला. प्रदर्शनवाल्यांकडे त्याचा फक्त तोच मोबाइल नंबर होता, टेबलाचं भाडं त्याने रोखीने भरलं होतं. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव तिसऱ्याच कोणाचं. मोर्शीकडचा बगीचा होता की नव्हता, देव जाणे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल नसलं तरी पैसे पाठवल्याची नोंद, त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, लेबलचे फोटो, न उघडलेल्या दोन बाटल्या, सगळं मी जपून ठेवलं आहे. तुम्हीही असं काही घेतलं असेल तर रागाच्या भरात बाटली फेकू नका.

माझ्याकडून झालेली आणखी एक चूक इथे सांगायलाच हवी, कारण ती त्या मुलाची नव्हती. खरं तेलसुद्धा थेट अंगाला लावायचं नसतं, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात अगदी थोडं मिसळून लावतात. लिंबाचं किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. जुनं झालेलं, हवा लागलेलं संत्र्याचं तेलही त्वचेला त्रास देतं. त्याला टर्पेंटाइनसारखा वास यायला लागला की ते टाकून द्यावं. मांजर असलेल्या घरात तर ही तेलं जपूनच वापरावीत. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी ‘मनगटाला आणि मानेला लावा’ असं छापलेलं कार्ड मी ४० जणींच्या हातात दिलं.

फेब्रुवारीत रोज संध्याकाळी पिशवी घेऊन एकेका घरी गेले. माफी मागितली, बाटली परत घेतली. कोणी रागावलं नाही, आणि त्याने जीव आणखीच कानकोंडा झाला. खालच्या वहिनींनी तर मला चहा प्यायला लावला आणि मानेवरचा डाग गेल्याचं दाखवलं. आतापर्यंत ३३ बाटल्या परत आल्या आहेत. सात अजून बाहेर आहेत. त्यांतल्या काही बायका माहेरी किंवा मुलांकडे गेल्या आहेत, एकीने बहिणीला भेट दिली असं कळलं. तपकिरी काच, काळा रबरी ड्रॉपर, हिरवं पान आणि अर्धं संत्रं असलेली बाटली तुमच्याकडे या वर्षीच्या वाणातून आली असेल तर ती अंगाला लावू नका, गरम पाण्यातही टाकू नका. माझ्या दाराशी आणून द्या किंवा निरोप पाठवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.