कोर्टाचा हुकूम हवा की दोन डॉक्टरांच्या सह्या?

घरातला माणूस औषध घेत नाही, शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो, चार-चार दिवस जेवत नाही. अशा वेळी त्याला मनोरुग्णालयात दाखल करायला नातेवाईक बहुतेकदा आधी वकील गाठतात आणि कोर्टाची ऑर्डर मागतात. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मॅजिस्ट्रेटची 'रिसेप्शन ऑर्डर', म्हणजे दाखल करून घेण्याचा हुकूम, हा दाखल होण्याचा राजमार्ग होता आणि लोकांच्या डोक्यात तोच बसलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला, २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याने ही वाट बदलली. आता आधी डॉक्टर, मग मंडळ (मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ), आणि कोर्ट लागलंच तर अगदी कडेला. इच्छेविरुद्ध दाखल करण्याची ही सगळी व्यवस्था एक सेवा म्हणून वापरायला कशी आहे, त्याचं हे परीक्षण.

सर्वांत बरी चालणारी खिडकी म्हणजे या कायद्याचं कलम ८९. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या वतीने उभा राहणारा माणूस, रुग्णालयात अर्ज देतो. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, असे दोघे रुग्णाला स्वतंत्रपणे तपासतात. तपासणी दाखल करण्याच्या दिवशीची किंवा त्याआधीच्या सात दिवसांतली हवी. आजार गंभीर आहे आणि तीनपैकी एक गोष्ट घडते आहे, असं दोघांचंही मत पडावं लागतं : स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हिंसा किंवा त्याला तशी भीती घालणं, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं. शिवाय रुग्ण स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याच्या अवस्थेत नसला पाहिजे. एवढं जुळलं की कोर्टाची पायरी न चढता ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. यात वकिलाची फी कुठेच येत नाही.

इथे काम बिघडतं ते कागदांवर. 'डोकं फिरलंय, त्रास देतो' असं लिहिलेल्या अर्जाचा डॉक्टरला काही उपयोग नसतो. कोणत्या तारखेला काय घडलं, कुणाला लागलं, किती दिवस अन्न-झोप नाही, औषध कधीपासून बंद, हे लिहा. जुने केसपेपर, चालू गोळ्यांची नावं आणि रुग्ण व प्रतिनिधी या दोघांची ओळखपत्रं सोबत ठेवा. दुसरी चूक रुग्णालयाकडून होते. दोन अहवाल एकमेकांची नक्कल असतात, शब्दसुद्धा तेच. पुढे कुणी आव्हान दिलं तर 'स्वतंत्रपणे तपासलं' हे सिद्ध करणं अवघड जातं.

प्रतिनिधी कोण, यावरून घरोघरी भांडणं होतात. रुग्ण बरा असताना त्याने साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नाव लिहून दिलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आगाऊ निर्देशात (आजारी पडल्यास कसे उपचार हवेत, हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) नेमलेली व्यक्ती, मग नातेवाईक, मग काळजीवाहक, असा क्रम लागतो. भाऊ एकीकडे आणि बायको दुसरीकडे असेल तर मंडळाकडे जावं लागतं. आजार उतरणीला असताना हा कागद करून ठेवायला दहा मिनिटं लागतात, तरी फार कमी घरांत तो सापडतो.

दाखल झाल्यावर घड्याळ सुरू होतं. रुग्णालयाने मंडळाला सात दिवसांत कळवायचं, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. निर्णयक्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासायची. ती परत आली की सक्ती संपली. मग रुग्ण राहिला तर स्वतःच्या मर्जीने. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० : दोन मनोविकारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी. पहिल्यांदा ९० दिवस, मग १२०, मग दर वेळी १८०. घरी सोडून सात दिवसांच्या आत परत आणलं तरी कलम ९०च लागतं, हे अनेक घरांना दारात उभं राहिल्यावर कळतं. या खिडकीला पाचपैकी चार.

खरी अडचण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याची. पुण्यात येरवडा, शिवाय ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, अशी राज्यात चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं. गडचिरोलीच्या टोकाहून किंवा नंदुरबारहून चिडलेल्या माणसाला गाडीत घालून आणणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. त्यासाठी कलम ९४ लक्षात ठेवा. जीवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, तातडीचे उपचार सुरू करू शकतो. त्यात जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत नेणंही येतं. मुदत ७२ तासांची. विजेचा शॉक देण्याची मुभा यात नाही. म्हणजे आधी तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं रुग्णालय, मग लांबचा प्रवास.

पोलीस ठाण्यात ठरलेलं उत्तर मिळतं : 'रस्त्यावर फिरत असेल तर उचलू, घरातलं तुम्ही बघा.' हे अर्धंच कलम आहे. कलम १०० च्या पहिल्या भागात भटकणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे खरा. पण दुसऱ्या भागात ठाण्याच्या हद्दीत असलेली, आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेली कोणतीही व्यक्ती येते. तिला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. अर्जात कलम १००(१)(ख) असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. कायदा चांगला, अंमलबजावणी ठाणे अंमलदाराच्या मूडवर. पाचपैकी दोन.

आता कोर्ट. कुणाला घरात डांबून ठेवलंय, मारहाण होतेय किंवा दुर्लक्ष होतंय असं कळलं, तर कलम १०१ प्रमाणे ठाण्याला कळवता येतं आणि ठाणं ते मॅजिस्ट्रेटपुढे ठेवतं. मॅजिस्ट्रेटपुढे व्यक्ती आली की कलम १०२ खाली दोन गोष्टी होऊ शकतात : तपासणी-उपचारासाठी सरकारी संस्थेत पाठवणं, किंवा जास्तीत जास्त १० दिवस दाखल करून तपासणी करवून घेणं. मुदत संपली की डॉक्टर अहवाल देतात आणि पुढचं सगळं कायद्यातल्या नेहमीच्या वाटेने जातं. 'कोर्टाने सहा महिने आत टाकलं' अशी ऑर्डर या कलमात बसत नाही. वकील तशी हमी देत असेल तर दुसरा वकील बघा.

घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराला वेडं ठरवण्याचा खेळ जुनाच. तिथे कलम १०५ आहे : मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्याने तो नाकारला, तर कोर्टाने प्रकरण मंडळाकडे पाठवायचं. आणि कलम ३ सांगतं की आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकृतचित्त (कायद्याच्या भाषेत वेडा) ठरत नाही. ते सक्षम कोर्टानेच ठरवावं लागतं.

मंडळाची रचना कागदावर उत्तम आहे. जिल्हा न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदाला पात्र न्यायिक अधिकारी अध्यक्ष. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर आणि रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्था यांच्यातले दोघे. अर्जाला फी नाही, सुनावणी बंद दाराआड. कलम ८९ खाली दाखल करण्याला आव्हान दिलं तर सात दिवसांत निकाल, कलम ९० असेल तर २१ दिवसांत. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालय. कलम २७ प्रमाणे मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. पण महाराष्ट्रात ही यंत्रणा हलावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयालाच मागे लागावं लागलं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत बरे होऊनही वर्षानुवर्षं रुग्णालयात पडून राहिलेल्या लोकांचा प्रश्न पुढे आला. पाचपैकी अडीच, आणि तो अर्धा गुण रचनेसाठी.

दारू आणि ड्रग्जच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. व्याख्येत दारू-अंमली पदार्थांशी संबंधित मानसिक अवस्था येतात, पण रोज पितो एवढ्यावर सक्ती होत नाही. दारू सुटताना भास, कंप, भ्रम झाला तर कलम ८९ लागू शकतं. मात्र शरीरातून नशा उतरली की निर्णयक्षमता परत येते आणि माणूस 'मला घरी जायचंय' म्हणतो. स्वेच्छेने राहिलेल्याने तसं म्हटलं तर सोडावं लागतं. मानसिक आरोग्य व्यावसायिकाला गरज वाटली तर कलम ८९ च्या तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. त्यामुळे गाडी पाठवून माणूस उचलणाऱ्या आणि 'तीन महिन्यांचा कोर्स, मध्ये भेट नाही' सांगणाऱ्या खासगी व्यसनमुक्ती केंद्रांच्या सक्तीला कायद्याचा आधार नाही. नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन तपासणी अहवाल मागा. साखळी घालणं आणि सक्तीने डोकं भादरणं, दोन्हींना कायद्यात मनाई आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत गेले, ते अशाच एका खासगी निवाऱ्यात.

एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यातही कोर्ट उपचारांची जबरदस्ती करत नाही. अंमली पदार्थ कमी प्रमाणात असल्याच्या गुन्ह्यात त्या कायद्याच्या कलम ३९ खाली व्यसनीला उपचारासाठी सोडता येतं, पण त्याच्या संमतीने. केंद्रात फोन लावण्याआधी १४४४६ (व्यसनमुक्ती) किंवा १४४१६ (टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) लावून बघा, दोन्ही मोफत आहेत.