लाखेची मूठ की रिव्हेटची? खुकुऱ्यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात साल वृक्षाचा वाळका ओंडका फोडत होतो, तेव्हा माझ्या आंगखोलाची, म्हणजे पाठीला खोलगट कोरलेल्या खुकुरीची, मूठ हातात फिरली. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी. पण ६८० ग्रॅमचं पातं जोरात खाली येत असताना मूठ तेवढी जरी फिरली तरी पोटात गोळा येतो. हात थांबवून पाहिलं. पातं मुठीत शिरतं तिथल्या पितळी पट्टीखालून तपकिरी भुगा सांडून मनगटाला चिकटला होता. नखाने चुरडला, वास घेतला. लाख. पातं मुठीत पक्कं बसावं म्हणून भोकात भरतात ती.

मी मूळचा राजापूरचा. दोन वर्षांपासून पूर्व नेपाळात, संखुवासभा जिल्ह्यात सर्व्हेच्या कामावर आहे. आमचा कॅम्प खांदबारीच्या वर. इथे खुकुरी भिंतीवर टांगायची वस्तू नाही. सर्व्हेची ओळ साफ करायची, बांबू छाटायचे, स्वयंपाकाचं जळण फोडायचं, सगळं तिच्यावरच. सप्टेंबरात काठमांडूला गेलो होतो तेव्हा ठमेलमधल्या एका दुकानातून १० इंची आंगखोला घेतली. ५,६०० नेपाळी, म्हणजे आपले ३,५०० रुपये. माझ्यासारख्या माणसाला कोयत्याच्या मानाने ही रक्कम जड वाटते, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

पात्याबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद आहे आणि पाणी नीट पाजलेलं आहे. किटलीने पाण्याची धार फक्त पोटाच्या धारेवर सोडतात, त्यामुळे पोट कडक आणि पाठ नरम राहते, ते मी कानस लावून तपासलं. पोटावर कानस घसरते, टोकाला आणि मुठीजवळ चावते. अगदी हवं तसं. पाठीकडचं कोरलेलं खोलगट अंग लाकडात पातं रुतू देत नाही; उतिस नावाच्या झाडाच्या फांद्यांना तर दोन घाव पुरतात. चिलाउने हे झाडही सहज तुटतं, फक्त त्याची साल अंगाला लागली की खाज सुटते, तिथे लांब बाह्या घालाव्यात. वाळकं सालवृक्षाचं लाकूड मात्र कठीणच. तिथे ढलपी काढत, दोन्ही बाजूंनी तिरके घाव घालतच जावं लागतं. धार एकदाही तुटली नाही. दोनदा किंचित वळली, ती चकमकीवर, म्हणजे खुकुरीसोबत येणाऱ्या छोट्या बोथट सुरीवर, घासून सरळ झाली.

म्हणजे सगळं उत्तम आणि मूठ हलते. ज्या एका जागी माणसाचा हात असतो, तीच जागा कच्ची.

दुकानाला लिहिलं. फोटो पाठवले, भुग्याचा व्हिडिओ पाठवला. पहिलं उत्तर आलं, लाख नैसर्गिक असते, असं होतं. दुसरं, तुम्ही उन्हात ठेवली असणार. तिसरं, पाठवून द्या, कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. चौथ्या निरोपाला उत्तरच नाही. उन्हाचं मी नाकारत नाही. तुमलिङटारला खाली अरुण नदीच्या काठी काम होतं तेव्हा दोन दिवस ती बंद जीपमध्ये डॅशबोर्डवर होती. लाख साधारण ६५-७० अंशांना मऊ पडू लागते आणि काचेमागच्या उन्हात तेवढं तापतं. पण मग खोक्यात चार ओळींची चिठ्ठी का नाही? खोक्यात गोरखा सैनिकांचं रंगीत पत्रक होतं, खुकुरीच्या आकारांचे फोटो होते, उन्हात ठेवू नका एवढं वाक्य नव्हतं. माझा राग त्यावर आहे.

त्या रागातच जानेवारीत दुसऱ्या दुकानातून पानावल घेतली. तोच आकार, तीच १० इंच लांबी, फक्त पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीचं आणि दोन्ही बाजूंना शिसवाच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्या. ६,४०० नेपाळी, आपले ४,०००. फेब्रुवारीत एका मित्राने विचारलं तेव्हा मी त्याला ठासून लिहिलं होतं की जड तोडकाम करायचं असेल तर पानावलच घे, लाखेची मूठ म्हणजे फसवणूक आहे.

ते मत मी आज मागे घेतोय.

पानावलची मूठ हलली नाही हे खरं. पण मुठीत भरीव पोलाद असल्याने वजन मागे येतं. आंगखोला स्वतःच पुढे झुकून पडते, हिला ढकलावं लागतं. शिवाय सालावर घाव बसला की झणका सरळ तळहातात येतो. तासाभराच्या कामानंतर अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागायचा. कॅम्पातल्या एका पोऱ्याच्या हाती दिली, दहा मिनिटांत त्याने परत आणून दिली आणि आपली जुनी उचलली. तेव्हाच समजायला हवं होतं. मग फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या हवेत शिसव आकसलं. एका बाजूला नख जाईल एवढी फट पडली. एप्रिलमध्ये वळिवाचे पाऊस सुरू झाले तसं त्या फटीत पाणी शिरलं आणि आतून तांबडी रेघ दिसू लागली. पात्यावरचा गंज पुसता येतो, मोहरीचं तेल लावता येतं. रिव्हेटच्या पट्टीआड गंज धरला तर तो पुसायचा कसा? रिव्हेट कापा, पट्ट्या काढा, नव्या बसवा. म्हणजे मूठच नवी करा.

दरम्यान आंगखोला चार महिने पेटीत पडून होती. मे महिन्यात कॅम्पच्या कुकने सांगितलं की रस्त्याच्या वरच्या वळणावर आरन आहे, तिथे दाखवा. आरन म्हणजे लोहाराचं दुकान. आपल्याकडे विळ्याला शेंबी ठोकून मूठ बसवणारा लोहार असतो तसाच हा. विश्वकर्मा आडनावाचे पन्नाशीचे गृहस्थ. सगळे त्यांना दाइ म्हणतात, मीही.

त्यांनी आधी ओलं पोतं पात्याला गच्च गुंडाळलं. पाजलेलं पाणी उतरू नये म्हणून. मग मूठ निखाऱ्यावर धरून फिरवत तापवली आणि दोन झटक्यांत खेचून काढली. मुठीचं भोक माझ्यासमोर उजेडात धरलं. आत पाहिलं आणि इतके दिवस मी कशावर चिडायला हवं होतं ते कळलं. भोक निम्मं रिकामं होतं. लाख फक्त तोंडाशी, दीड बोटभर. पात्याची मुठीत शिरणारी शेपटी पुढे नुसत्या पोकळीत होती.

दाइंनी काही टीका केली नाही. जुनी लाख खरवडली, नवी कुटून भोकात काठोकाठ भरली, शेपटी तापवली आणि दाबत आत घातली. चर्रर्र आवाज, धूर, आणि पितळी पट्टीच्या कडेने उकळती लाख बाहेर आली. ती जास्तीची बाहेर आली की समजायचं आत पोकळी नाही, असं ते म्हणाले. सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं, किंचित वळवलं, पाण्यात बुडवलं. अर्धा तास. २०० नेपाळी, आपले १२५ रुपये. वर ‘घाममा नराख्नुस्’ असं बजावलं. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. इथे नवा होतो तेव्हा हे शब्द ऐकून मी घामच पुसत असे. आता तो सल्ला खोक्यावर छापलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा मोलाचा वाटतो.

तेव्हापासून आज जूनअखेर, सात आठवडे रोज तीच खुकुरी वापरतोय. तसूभर हललेली नाही.

म्हणून माझं आताचं मत असं: लाखेची मूठ सैल पडू शकते, पण जिथे खुकुरी वापरतात त्या प्रत्येक डोंगरावर ती अर्ध्या तासात परत बसते. लाकूड झणका गिळतं आणि लाख त्यात थोडी भर घालते. दोष पद्धतीचा नव्हता, अर्धं भोक रिकामं ठेवून पूर्ण पैसे घेणाऱ्याचा होता. घेताना पातं फडक्यात धरून मुठीवर बोटाने टिचकी मारा. भरलेल्या मुठीचा आवाज बद्द येतो, रिकाम्या जागी पोकळ. पात्याची शेपटी मुठीच्या शेवटी पितळी टोपणातून बाहेर काढून ठोकलेली असेल तर आणखी चांगलं, मग लाख मऊ पडली तरी पातं सुटून उडत नाही.

भोजपुरे या माझ्या तिसऱ्या खुकुरीबद्दलही लिहायचं आहे, कारण पैशाचा खरा हिशोब तिथे आहे. अरुणच्या पलीकडे भोजपूरला कामाने गेलो तेव्हा तिथल्या आरनातूनच घेतली. २,४०० नेपाळी, आपले १,५००. पॉलिश नाही, नक्षी नाही, पाठीवर हातोड्याच्या खुणा तशाच. पातं रुंद, पोट भरदार. सालावर आंगखोलापेक्षा किंचित रुतते, बाकी कशातच मागे नाही. मुठीच्या मधलं कडं मात्र तिघींतही सारखंच छळतं. कोयत्याच्या गुळगुळीत मुठीची सवय असलेल्या हाताला पहिल्या आठवड्यात फोड येणारच. मी ते कानसेने निम्मं उतरवलं.

सहकाऱ्याची सिरुपाते, म्हणजे अरुंद पात्याची खुकुरी, बांबूला अप्रतिम आहे, जाड लाकडाला आणू नये. म्यानाचं एकच सांगतो, शिवणीच्या बाजूने कधीही धरू नका, धार शिवण कापून बोटात येते. पावसाळ्यात रात्री पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नका.

पानावल कॅम्पच्या कुकला ३,००० नेपाळीला देतोय. त्याला मुठीतली फट आणि आतली तांबडी रेघ, दोन्ही दाखवलं आहे. पट्ट्या काढून दाइंकडून नव्या बसवून घेईन, असं तो म्हणतो.