ट्रायलॅमिनेट ड्रायसूट: खाणीत उत्तम, बडोद्याच्या कपाटात नाजूक

हा सूट, म्हणजे तीन थरांच्या कापडाचा, पाणी आत न येऊ देणारा डायव्हिंगचा पोशाख, मी घेतला तो फिनलंडमधल्या लोह्या गावाच्या ओयामो खाणीत डायव्हिंग करण्यासाठी. चुनखडीची ही खाण १९६५ मध्ये बंद पडली आणि पुढे बोगदे पाण्याने भरले. खोलवर पाणी बारा महिने ४ अंशांच्या आसपास. गोडं पाणी त्याच तापमानाला सर्वांत जड असतं, त्यामुळे वर उन्हाळा असला तरी तळाला काही फरक पडत नाही.

डोक्यावर खडक असल्याने थंडी वाजली म्हणून सरळ वर येता येत नाही. दोरीच्या मागाने परतायचं, मग डिकॉम्प्रेशनचे थांबे घ्यायचे, म्हणजे वर येताना मध्येच थांबून अंगात विरघळलेला वायू हळूहळू निघू द्यायचा. तिथे हालचाल नसते, अंग गार पडतं, आणि गार पडलेल्या हातापायांतून विरघळलेला वायू सावकाश निघतो. म्हणून ऊब ही इथे चैन नव्हे.

पण ट्रायलॅमिनेट स्वतः ऊब देत नाही. तो फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब देतो तो आतला जाड अंडरसूट. बजेट आखताना आधी त्याचे पैसे बाजूला काढा. सूट फुगवायला ट्रायमिक्स (खोल डायव्हिंगसाठीचा, हेलियम मिसळलेला श्वासाचा वायू) वापरायचाच नाही. हेलियम हवेच्या जवळपास सहापट उष्णता वाहून नेतो. मी आर्गॉनची छोटी बाटली लावली होती. खरं सांगू? हवेपेक्षा फार वेगळं काही जाणवलं नाही.

दंडावरचा डम्प व्हॉल्व्ह (सूटमधला जास्तीचा वायू सोडणारी झडप) झकास. मांडीवरच्या खिशाची झिप मात्र जाड हातमोज्यांनी सापडतच नाही. तिला दोरीचा छोटा फास बांधला, प्रश्न मिटला.

आता बडोदा. सूट पाण्यात असतो त्याच्या कितीतरी पट जास्त कारेलीबागेतल्या आमच्या घरी असतो, आणि खरी परीक्षा तिथेच झाली. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेला आणि महिनाअखेरीस मानेचं लेटेक्स सील (मानेवर घट्ट बसून पाणी अडवणारी रबराची कड) बोटाला चिकटायला लागलं, काठ तर तापलेल्या च्युइंगगमसारखा ताणला जाई. बिनवासाची टाल्कम लावली होती, सूट सावलीत होता, तरी. (टाल्कम कपाटभर झाल्याबद्दल आईची बोलणी वेगळी.) विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: सील झिजणारी वस्तू, वॉरंटीत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल विकताना एक अक्षर नाही, याचा राग आहे.

मग सील अडकवायची रिंग बसवून सिलिकॉनचं सील घातलं. घरच्या टेबलावर बदलता येतं, त्वचेला मऊ लागतं. पण नख लागलं की फाटतं, म्हणून जादा सील जवळ हवंच. लेटेक्सच ठेवणार असाल तर ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटारींपासून लांब ठेवा, त्या ठिणग्यांतून होणारा ओझोन वायू रबर खातो.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, पहिल्यापासून सिलिकॉनच्या सीलचा. माप अंडरसूट घालूनच द्या आणि बूट एक नंबर मोठे मागवा. जाड मोज्यांवर नेहमीच्या मापात बोटं आखडतात आणि पाय आधी गार पडतात. मग फिन्सही (पोहायला पायात घालायचे पंख) मोठ्या लागतात, तो खर्च वेगळा धरा.