वॉरंटी फ्रेमची, तुटते काच

आईचा रिमलेस, म्हणजे काचांभोवती कडा नसलेला, चष्मा दादरच्या एका दुकानातून केला. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "काकू, पॉलीकार्बोनेटच्या काचा आहेत, पडल्या तरी फुटायच्या नाहीत. वर्षभरात काही झालं तर बदलून देऊ." फ्रेमचे अकराशे, काचांचे साडेतीन हजार. बिलावर मात्र नुसतं 'चष्मा, १ नग'.

पावसाळा संपायच्या आत उजव्या काचेला काडीच्या स्क्रूपाशी तडा गेला. चष्मा पडला नव्हता, आई तो पुसत होती. दुकानात गेलो तर भाषाच बदललेली. वॉरंटी फ्रेमची असते, काचांची नाही. नवी काच हवी तर पैसे भरा. वर आईलाच ऐकवलं, "चष्मा जपून वापरायला हवा." सत्तरी ओलांडलेल्या, एकच चष्मा वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बाईला! त्या वाक्याचा मला अजून संताप येतो.

रिमलेस चष्म्यात काचेलाच भोकं पाडून काड्या बसवतात, त्यामुळे घालता-काढताना सगळा ताण त्या भोकांवर येतो. म्हणून तिथे चिवट प्लास्टिक, म्हणजे पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, लागतं. साधी रेझिनची काच, म्हणजे सीआर-३९, वाईट नसते. पूर्ण फ्रेममध्ये ती छान चालते, नजरेला स्वच्छही दिसते. पण भोकापाशी ती तडकते.

गिरगावातल्या एका जुन्या चष्मेवाल्यांनी ती तडकलेली काच घासायच्या चाकावर कोरडीच धरली. पांढरी भुकटी पडली. "पॉलीकार्बोनेट असतं तर अशी पूड झाली नसती, चिवट तारा निघाल्या असत्या," ते म्हणाले. म्हणजे पैसे एका मालाचे घेतले आणि घातला दुसराच. नुसत्या डोळ्यांनी हा फरक गिऱ्हाईकाला कळणं जवळपास अशक्य, आणि याच भरवशावर हा धंदा चालतो.

तेव्हा चष्मा करायला टाकताना बिलावर काचेचा प्रकार लिहून घ्या, फ्रेम आणि काचांची किंमत वेगवेगळी मांडायला लावा, आणि वॉरंटीत काच येते की नाही हेही तिथेच लिहायला सांगा. काचा दुकानात कागदी पाकिटातून येतात, ते पाकीट मागून घ्या. त्यावर काचेचा अपवर्तनांक (इंडेक्स) पाहा: पॉलीकार्बोनेटचा १.५९, साध्या रेझिनचा १.५०. पाकीट द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे आगाऊ पैसे देऊ नका.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानदार अजून दाद देत नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तुटलेली काच फेकू नका. आमच्याकडे तोच पुरावा आहे.